शॉकअप

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या बोळात,
शिवपुत्र हुक्केरीनं बॉनेटवर दोन्ही तळवे टेकवले
आणि कणीक तिंबावी तसं एकदा दाबून सोडून दिलं.
गाडी खाली गेली, वर आली,
परत खाली, परत वर,
मग उगाचच आणखी थोडी डोलत राहिली
पंगतीतून उठलेल्या मामासारखी.
"होतरी," तो म्हणाला.
म्हणजे गेलं. संपलं.
एवढं कानडी मला याच गाडीनं शिकवलंय.

चौदा वर्षं.
हिच्यातून रेणुकाच्या माहेरचा इंद्रायणी आला पोत्यानं,
बाबा एका डोळ्यावर पट्टी बांधून आले,
आणि दर महिन्याला आम्ही जांबोटीवरून, चोर्ल्यातून,
साखळीला ताईकडं.
वळण आलं की गाडी आधी बाहेर कलायची,
मग जरा विचार करायची,
मग वळायची.
तेवढ्या विचारात मागं समीक्षा पांढरी पडायची.

कणकुंबीच्या अलीकडं एक ठरलेलं वळण होतं.
"पप्पा," ती म्हणायची. पुढचं काही नाही.
मी थांबायचो. पिशवी, पाणी, पाठीवर हात.
पलीकडच्या खोपट्यात सुभद्राबाई
आमची गाडी दिसली की लिंबू चिरायला घ्यायच्या.
असं पाच वर्षं.

मी दिवसभर लेथवर मायक्रॉन मोजणारा माणूस.
केसाएवढं जास्त कापलं गेलं तर पीस भंगारात.
आणि स्वतःच्या गाडीत मात्र
वळण वीतभर इकडं तिकडं चालवून घेत होतो.

"खाली घेऊ काय? लई भारी दिसतंय."
"नको. आमच्या गल्लीच्या तोंडाला गटार आहे."
"मग उंची हाय तेवढीच. स्प्रिंग घट्ट घालतो,
गॅसचे चार शॉकअप, बुश सगळे नवीन.
पर सांगूलालोय सायेब, मग खड्डा लागला
तर खड्डा लागला म्हणून कळणार."
अठरा हजार. रेणुकाला बारा सांगितले.

एक जुनी स्प्रिंग घरी आणली.
गंज पुसून बाबांनी ती दारामागं उभी केली,
आता तिच्यात छत्र्या राहतात.

पहिल्या रविवारी तिसऱ्या गेटच्या रुळांवर
डब्यातले लाडू एकमेकांवर आपटलेले ऐकू आले.
बाबा म्हणाले, "बैलगाडी केलीस की रे."
पिरनवाडीचे गतिरोधक मी नावानिशी मोजले.
किणयेपर्यंत रेणुका काही बोलली नाही.
मग खिडकीबाहेर बघत म्हणाली,
"अठरा हजारांत हाडं मोजून मिळाली."
अठरा.
मी गियर बदलला. गरज नव्हती.

पण जांबोटीच्या पुढं, झाडी दाट होते तिथं,
मी स्टिअरिंग वळवलं
आणि गाडी वळली.
बस्स. मध्ये काही नाही.
पाण्यानं भरलेला तांब्या
कुणीतरी जपून एका हातातून दुसऱ्या हातात द्यावा तशी.
पुढचं वळण. त्याच्या पुढचं.
मला कुणालातरी सांगायचं होतं
आणि सगळे आपापली कंबर धरून बसलेले.

ते ठरलेलं वळण आलं.
मी कान मागं लावला.
"पप्पा" आलं नाही.
आरशात बघितलं: तोंड उघडं टाकून झोपलेली,
मुठीत पिशवी, कोरी, चुरगळलेली.

वळणापलीकडं तरी पाय ब्रेकवर गेलाच.
थांबलो. काचेच्या आत सगळे गप्प.
सुभद्राबाई सुरी पुसत पुढं आल्या,
"पोरगी कुठं हाय?"
"झोपलीय."
त्यांनी वाकून आत बघितलं,
मग चिरायला घेतलेलं लिंबू परत टोपलीत ठेवलं,
तसं ठेवताना जरा थांबल्या.

"द्या दोन," मी म्हणालो.
"आता कशाला?"
"द्या."

साखळी येईपर्यंत ती दोन लिंबं डॅशबोर्डवर होती.
प्रत्येक वळणाला थोडी सरकायची
आणि काचेपाशी पोचायच्या आत थांबायची.